वडीतलं संत्रं

साबणाच्या पहिल्या घाण्यात मी ३० ग्रॅम संत्र्याचं तेल ओतलं होतं. किलोभर तेलांना ३० ग्रॅम सुगंध म्हणजे हात आखडता घेतलेला नव्हता. त्या रात्री घरात असा घमघमाट सुटला की समोरच्या काकूंनी दार वाजवून विचारलं, "नागपूरहून बर्फी आली वाटतं?" बर्फी नाही, साबण आहे, म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. तरी दिवाळीला त्यातल्या दोन वड्या देईन असं मी कबूल करून टाकलं.

दिवाळीला वडी नाकाशी धरली तर खोबरेल. नुसतं स्वच्छ, साधं, माणसं केसांना लावतात ते खोबरेल. संत्रं कुठे गेलं ते कळलंच नाही. काकूंना वड्या दिल्या, पण तोंडाने "वास सौम्य ठेवलाय यंदा" असं म्हणत.

घरी साबण करणाऱ्यांना दीड महिन्याचं गणित पाळावं लागतं. कॉस्टिक सोडा आणि तेलं एकमेकांत मिसळून साबण होतो तो दोन दिवसांतच, पण वडीतलं पाणी उडून ती कडक व्हायला, फेस अंगाला मऊ लागायला चार ते सहा आठवडे जातात. मी एक सोपी खूण लावून घेतली आहे. अनंत चतुर्दशीला गणपती गेले की दुसऱ्या दिवशी साबण घालायचा, नरक चतुर्दशीच्या पहाटे तो न्हाणीघरात हजर. चतुर्दशी ते चतुर्दशी, नेमका दीड महिना. साबणाला हा काळ मानवतो. लिंबूवर्गातल्या वासांना तो मुळीच मानवत नाही, हे कळायला मला तीन दिवाळ्या लागल्या.

मी मूळची काटोलकडची. काटोल, नरखेड, पुढे वरूड, मोर्शी हा सगळा संत्र्याचा पट्टा. आमच्याकडे बाग म्हणत नाहीत, बगीचा म्हणतात, आणि बगीचा म्हटलं की गुलाबमोगरा कुणाच्या डोक्यात येत नाही. आमचाही होता. पाणी तोडून झाडांना ताण द्यायचा, पानं मलूल झाली की पुन्हा पाणी सोडायचं, मग फुलं धरायची. थंडीच्या शेवटी फुटलेला तो आंबिया, पावसाबरोबर फुटलेला तो मृग. फुलं आली की रात्री अंगणात झोपणाऱ्यांना वेगळं अत्तर लागत नसे. पुढे विहिरीनं हात टेकले, त्यात झाडांना डिंक्या लागला, आणि एका उन्हाळ्यात मोठ्या बाबांनी, म्हणजे थोरल्या काकांनी, सगळी झाडं काढून टाकली. आता तिथे कपाशी आणि तूर असते. यावर रडगाणं गायचं नाही असं आमच्या घरात न बोलता ठरलेलं आहे, त्यामुळे इथेही गात नाही.

संत्र्याच्या वासाशी माझी पहिली ओळख मात्र फुलांची नाही, सालीची. चुलतभावंडं साल दुमडून एकमेकांच्या डोळ्यांत पिचकारी मारायची. डोळा चुरचुरायचा, पाणी यायचं, आणि वर "रडते कशाला, संत्राच तं आहे" असं ऐकून घ्यावं लागायचं. वीज गेली की हाच खेळ मेणबत्तीवर. ज्योतीवर साल पिळली की तडतड ठिणग्या उडायच्या. सालीतल्या बारीक बारीक पिशव्यांत तेल भरलेलं असतं आणि ते पेटतं, हे आम्हाला शाळेच्या आधी कळलं होतं.

पहिला घाणा फसल्यावर मी त्या तेलाचा जरा शोध घेतला. संत्र्याच्या बाटलीतल्या तेलात शेकडा ९० ते ९५ भाग एकच पदार्थ असतो, लिमोनीन. दहा कार्बन, सोळा हायड्रोजन, बस. इतका हलका, इतका मोकळा रेणू की त्याला थांबायला कारणच लागत नाही. कापलेल्या वडीच्या पृष्ठभागावरून तो पहिल्या दिवसापासून निघायला लागतो. आपण ज्याला "वा, काय वास!" म्हणतो तो वास म्हणजे साबण सोडून चाललेलं तेलच. मला हे जरा उशिरा उमगलं. स्वयंपाकघर जितकं घमघमतंय तितकं वडीत कमी उरतंय.

या लिमोनीनचा दुसरा गुण मी फुकटात शिकले. माळ्यावर थर्माकोलच्या वाट्या पडून होत्या, बंदी यायच्या आधीच्या, कुठल्याशा सत्यनारायणाच्या. त्यातली एक तराजूवर ठेवून मी तेल मोजायला घेतलं. आकडा वाढायचा थांबला, मग खाली यायला लागला. पाहते तर वाटीला बूडच नाही. तेलाने थर्माकोल खाऊन टाकलं होतं आणि महागाचं संत्रं ओट्यावरून खाली ओघळत होतं. तेव्हापासून काच किंवा स्टील. बाकी फरशीचा तो तुकडा आयुष्यात इतका चकचकीत कधी झाला नव्हता.

मधल्या काळात मी करायचे ते सगळे वेडेपणा केले. संत्र्याचा ताजा रस साबणात घातला. रसातलं सायट्रिक आम्ल कॉस्टिकला आधी खाऊन टाकतं. एक ग्रॅम आम्लाला सुमारे ०.६ ग्रॅम कॉस्टिक लागतं. तितकं तेल साबण न होता तसंच राहतं, वडी गिळगिळीत होते, आणि वास शून्य. लिंबाच्या रसाचा साबण करून देतो म्हणणाऱ्यांकडे मी तेव्हापासून जरा संशयानेच बघते. मग वाळवलेल्या सालींची पूड घातली, उटण्यात घालतात तशी. उटण्यात ती शोभते. साबणात तिचा रंग काळपट झाला आणि वडी अंगाला खरखरीत लागायला लागली. मुलगा म्हणाला, "आई, हा साबण भांडी घासायचा आहे का?"

सिसिलीत पूर्वी कारागीर साल हातात धरून स्पंजावर दाबायचे आणि तेलाने भिजलेला स्पंज खापरात पिळायचे, असं वाचलं. हे तर आपल्यालाही जमेल, म्हणून तीन डझन संत्री आणली. दुपारभर साली दाबल्या, बोटांची कातडी पिवळी झाली, नखांत चुरचुर, आणि हाती आलं ते चहाच्या चमच्यात मावेल इतकं. तेही पाण्याने गढूळ. पण त्या चमच्यातला वास! तो वास बाटलीतल्या तेलासारखा नव्हता. काहीतरी वेगळं होतं, जास्त तिखट, जास्त हिरवं. मला वाटलं ताजेपणाचा फरक असेल आणि मी ते सोडून दिलं. सोडायला नको होतं.

दुसऱ्या वर्षी घट्ट केलेलं तेल मिळालं. निर्वात भांड्यात हलकेच तापवून त्यातलं बरंचसं लिमोनीन काढून टाकतात, मागे उरतं ते दाट, गडद नारिंगी, साखरेच्या पाकाकडे झुकणाऱ्या वासाचं. पाचपट, दहापट अशा प्रतीचं मिळतं. ते साबणात खरोखर टिकलं. दिवाळीच्या पहाटे उटणं धुताना पाण्याबरोबर संत्र्याची झुळूक आली आणि मी न्हाणीघरातच "आलं!" असं ओरडले.

त्याच सुमारास मोठी आई मोतीबिंदूसाठी ठाण्याला आमच्याकडे राहायला आली होती. मोठी आई म्हणजे माझी थोरली काकू, मोठ्या बाबांची बायको. त्या बगीच्यात तिची पन्नास वर्षं गेली. डोळ्यावर हिरवी पट्टी, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, त्यामुळे साबण वापरायचा प्रश्नच नव्हता. मी कौतुकाने वडी तिच्या हातात दिली. तिने नाकाशी धरली, बाजूला केली, परत धरली.

"चांगला आहे," ती म्हणाली. "मोसंबीचा केला का वं?"

"मोसंबीचा कशाला, संत्र्याचा आहे."

"बरं," ती म्हणाली. ज्या सुरात ती व्यापाऱ्याला "बरं" म्हणायची, त्याच सुरात.

मला राग आला. पट्टी डोळ्यावर आहे, नाकावर नाही, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. रात्री बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाचली. सिट्रस सायनेन्सिस. मोसंबीचं शास्त्रीय नाव हेच. आपण संत्रं म्हणतो ते सिट्रस रेटिक्युलाटा, सैल सालीचं, मँडरिनच्या कुळातलं. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते याच फळाला. जगात "ऑरेंज ऑइल" म्हणून स्वस्तात जे विकलं जातं ते रसाच्या कारखान्यांतून, मुख्यतः ब्राझीलमधून, उपपदार्थ म्हणून निघणारं गोड माल्ट्याचं, म्हणजे मोसंबीच्या भावंडाचं तेल. आपल्या भाषेत दोन फळांना दोन वेगळी नावं आहेत, मोसंबीला तर थेट मोझांबिकवरून आलेलं. आणि मी, काटोलची पोर, बाटलीवरच्या ऑरेंजला संत्रं समजून दोन दिवाळ्या काढल्या.

मँडरिनचं तेल मिळतं. इटलीहून येतं. नागपुरी संत्र्याचा वास हवा म्हणून इटलीहून तेल मागवायचं, हे सांगताना मला आजही हसू येतं. छोटी बाटली आणली. झाकण उघडलं आणि डोळा आपोआप मिटला, पिचकारी येणार म्हणून. तोच वास. पण किंमत पाहता किलोच्या घाण्यात तो घालणं म्हणजे केशराने भिंत रंगवणं, आणि साबणात तो माल्ट्याइतकाच झटपट उडतो.

मग प्रश्न असा उरला की मँडरिनमध्ये असं काय आहे जे माल्ट्यात नाही? लिमोनीन दोन्हीत भरपूर. फरक उरलेल्या चिमूटभर भागात. मँडरिनमध्ये मिथाइल अँथ्रॅनिलेटच्या घराण्यातला एक पदार्थ असतो, फुलांसारखा, किंचित द्राक्षासारखा. आणि असतं थायमॉल, अगदी लेशमात्र. थायमॉल हा शब्द मी आधी कुठे वाचला होता ते आठवेना, म्हणून उठून स्वयंपाकघरात गेले, मसाल्याचा डबा उघडला आणि ओवा हातावर चोळला. ओव्याचा वास म्हणजे थायमॉलच. एका तळव्यावर ओवा, दुसऱ्यात मँडरिनचा थेंब टाकलेली कागदाची पट्टी. एकदा हे, एकदा ते. तिसऱ्या फेरीत मला ऐकू आलं म्हणावं तसं झालं. संत्र्याच्या तळाशी ओवा बसलेला होता. त्या चमचाभर तेलातलं "तिखट, हिरवं" काय होतं ते तेव्हा कळलं. लहानपणी डोळ्यात गेलेलं संत्रं मोसंबीपेक्षा जास्त का झोंबायचं, तेही यामुळेच असेल, असं मला आपलं वाटतं.

त्या दिवसापासून मी तेलं नुसती ओतायची सोडून जुळवायला लागले. गंध तपासायच्या कागदी पट्ट्या विकत मिळतात. मी लग्नपत्रिकांच्या कडा कापते. गुळगुळीत नको, जाड, खडबडीत कागदाची हवी. हल्ली अशा पत्रिका कमी येतात, जपून वापरते. पट्टीवर थेंब टाकायचा, वर पेन्सिलीने वेळ लिहायची. पाच मिनिटांनी एकदा, तासाने एकदा, दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी एकदा. संत्रं, लिंबू, माल्टा सगळे पाच मिनिटांचे राजे. सकाळी पट्टीवर कोण उरलंय ते पाहायचं.

लिंबाच्या बाबतीत माझी फार निराशा झाली. लिंबाला लिंबूपण देणारं सिट्रल त्याच्या तेलात जेमतेम दोन-तीन टक्के, आणि तेही कॉस्टिकपुढे टिकत नाही. पण तेच सिट्रल गवती चहात सत्तर टक्क्यांच्या पुढे असतं. थोडं कॉस्टिकने नेलं, थोडं हवेने नेलं, तरी भरपूर शिल्लक. म्हणजे साबणाला लिंबाचा वास हवा असेल तर लिंबू आणू नये, कुंडीतल्या गवती चहाकडे पाहावं. पावसाळ्यात चहात दोन पाती टाकताना ही गंमत मला दर वेळी आठवते. मात्र हात सैल सोडला की साबणाला फरशी पुसायच्या द्रवाचा वास यायला लागतो.

दुसरं गवत खानदेशातलं, रोशा. त्याच्या तेलाला गुलाबाकडे झुकणारा वास असतो, आणि एके काळी ते मुंबईहून तुर्कस्तानात जाऊन गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जायचं. त्याचा मुख्य घटक जिरॅनिऑल कॉस्टिकला दाद देत नाही. संत्र्याच्या मधल्या पोकळीत ते छान बसतं. आणि तळाला वाळा. पंधरा-पंधरा कार्बनचे जडशीळ रेणू, आठवडाभरानेही पट्टीवरून न हलणारे. कनौजचे अत्तरवाले उडून जाणारी फुलं चंदनाच्या तेलात उतरवतात, त्यामागे हीच युक्ती. वाळा संत्र्याला कायमचा धरून ठेवतो असं मात्र समजू नये. तो फक्त त्याचं जाणं लांबवतो, आणि संत्रं गेल्यावर नाकाला काहीतरी संत्र्याच्या बाजूचं देत राहतो.

बर्गमॉट घालावं का यावर माझं मत दर वर्षी बदलतं. इटलीच्या टाचेजवळ, खरं तर बोटाशी, कालाब्रियात होणारं हे फळ. त्याचा वास मला लहानपणापासून ओळखीचा होता, नाव माहीत नव्हतं. ताप आला की आई गार पाण्यात यूडीकोलन टाकून कपाळावर पट्ट्या ठेवायची. ते कोलनचं पाणी म्हणजे १७०९ साली जर्मनीतल्या कोलोन शहरात योहान मारिया फरिना या इटालियन माणसाने धंद्याला लावलेलं लिंबूवर्गी मिश्रण, बर्गमॉट, लिंबू, संत्रं आणि त्यांची फुलं. तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या गंध्यालाही हे वास पळून जातात हे माहीत असणार. त्याने ते मद्यार्कात घातले आणि लोकांना पुन्हा पुन्हा शिंपडायला लावले. साबण करणाऱ्याला तशी सोय नाही. बर्गमॉटचा गोड भाग एस्टर जातीच्या ज्या पदार्थावर उभा आहे तो कॉस्टिकमध्ये फुटतो, त्यामुळे साबणातून ताप आलेल्या कपाळाचा वास येत नाही, तेवढं एक बरं आहे.

गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी जो घाणा घातला तो असा. ऑलिव्ह ५०० ग्रॅम, खोबरेल ४००, एरंडेल १००. कॉस्टिक १४५ ग्रॅम, तीनशे ग्रॅम थंड पाण्यात थोडं थोडं टाकलेलं. कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर कधीही नाही, आणि हातमोजे, चश्मा, उघडी खिडकी यांत चालढकल नाही. दोन्ही मिश्रणं कोमट होईपर्यंत थांबले. हँड ब्लेंडरने फिरवत पातळ पिठल्याइतकं आणलं, उलथन्याची रेघ वर क्षणभर दिसेल इतपत, आणि तेव्हा सुगंध घातला. घट्ट संत्रं १८ ग्रॅम, गवती चहा ४, बर्गमॉट ३, रोशा ३, वाळा २. आणि ओव्याच्या तेलाचे चार थेंब. ते चार थेंब टाकताना मी कुणी बघत नाही ना असं पाहून घेतलं, चोरी केल्यासारखं. साचा गुंडाळून उबेत न ठेवता रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला, आत उष्णता चढली की वास आणखी उडतो म्हणून. शेजारी दही होतं. त्या दह्याच्या कढीबद्दल घरात झालेली चर्चा इथे देत नाही.

दुसऱ्या दिवशी वड्या पाडल्या. मँडरिनची पट्टी आणि वडी शेजारी शेजारी धरली. सारखी नव्हती, पण एकाच गावची होती.

सहा आठवडे मी रोज हुंगायचं नाही असं ठरवलं होतं. नाक रोजच्या वासाला सरावतं आणि खोटी साक्ष देतं. दिवाळीच्या आधी चार वड्या कागदात बांधून काटोलला पाठवल्या. सोबत चिठ्ठी लिहिली नाही, काय घातलंय ते मुद्दाम सांगितलं नाही.

भाऊबिजेला मोठ्या आईचा फोन आला. डोळे आता छान आहेत, तुरीला शेंगा धरल्या, धाकटीच्या पोराला दात येऊन राहिले, असं सगळं झालं. फोन ठेवायच्या बेतात असताना मीच न राहवून विचारलं, "साबण मिळाला का?"

"मिळाला ना. यंदा संत्राच आहे," ती म्हणाली. मी काही बोलायच्या आत पुढे, "पण त्यात ओवा काऊन टाकला वं?"

संत्रं दीड महिन्यात निम्मं उडालं होतं, ओवा जागचा हलला नव्हता. वही काढली आणि चारवर काट मारून दोन थेंब लिहिलं.